एका शिवणीची दोन मेंडोलिनं

टेकाडी, मूलजवळ
१२ नोव्हेंबर १९५६

देवाजीभाऊ,

आलापल्लीच्या जंगलात वाघांच्या शेजारी सुखरूप असाल, असं धरून चालतो. मनकर्णावहिनींना नमस्कार सांगा. हे पत्र भांडायला लिहितो आहे, तेव्हा आधी पाणी पिऊन घ्या.

तुमच्या लाकूड डेपोतल्या लच्छू मिस्त्रीनं मला फसवलं. माझ्या मेंडोलिनचा आवाज बसला. तार छेडली की पूर्वी कसा खणखणीत सूर निघायचा, लग्नाच्या मांडवात पहिल्यांदा वाजवलं तर गोठ्यातल्या गायीनं मान वळवून बघितलं होतं. आता तीच तार घोंगडीखालून बोलल्यासारखी बोलते. विश्रामगृहात गोऱ्या साहेबानं टाकून दिलेला एक बाजा उकलून या माणसानं मेंडोलिन करायला शिकून घेतलं, एकाच शिवणीच्या खोडातून दोन काढली, एक तुम्ही ठेवलं आणि दुसरं तुमच्या बहिणीबरोबर मला आंदण दिलं. मला आता शंका येते की चांगलं ते साळेबुवांनी आपल्याकडे ठेवून घेतलं.

गाव अजून त्याला सतारीचं पिल्लू म्हणतं. पण मी दिवसभर चिखलात राबून संध्याकाळी हातपाय धुतो आणि ते खुंटीवरून काढतो, तेव्हा मी टेकाडीचा लटारू राहत नाही. हे तुम्हाला सांगायला नको, तुमचीही तीच गत आहे.

कमळा बरी आहे. म्हणजे उठते, बसते, रांधते. लेकरू गेलं त्याचा विषय आम्ही घरात काढत नाही. मी सगळ्यांना तशी ताकीदच दिली आहे. पाळणा आणि दुपटी ती झोपलेली असतानाच काकूकडे परत पाठवली, डोळ्यांसमोर नकोत म्हणून. पूर्वी मी वाजवायला बसलो की ती दारात येऊन गुणगुणायची. आता येत नाही. या मेंडोलिनला आवाज असता तर आली असती, असं मला वाटतं, म्हणून ही सगळी तणतण. मिस्त्रीला विचारा आणि लवकर कळवा.

आपला,
लटारू


आलापल्ली
२३ नोव्हेंबर १९५६

जवाईबापू,

पाणी प्यालो, पत्र वाचलं, पुन्हा पाणी प्यालो.

तुमचं पत्र मी लच्छूला वाचून दाखवलं, ही माझी चूक. हातातला रंधा खाली टाकून तो म्हणाला, "नाचता येईना त अंगण वाकडं. जवाईले सांगा, माह्या हातचा बाजा बसत नाई. बसलं असंल त वाजवणाऱ्याचं बोट बसलं असंल." त्याच्याइतका फुगीर माणूस साऱ्या डेपोत नाही, पण खरं सांगतो, तेवढा गर्व त्याला शोभतो. तो खोड निवडत होता तेव्हा मी तिथं होतो. डेपोतल्या सागाकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. शिवणीचं एक वाळलेलं खोड सापडलं, त्याला बोटाच्या पेरानं ठोकायचा आणि कान लावायचा. मला म्हणाला, "हे दोन बाज्यांचं आहे, एकाचं नाई." मी एकच मागायला गेलो होतो, हे तुम्हाला आज पहिल्यांदाच सांगतो.

तेव्हा चांगलं-वाईट काही नाही, दोन्ही सख्खी भावंडं आहेत. माझं मनकर्णाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून फळीवर असतं. दिवसभर लाकडांवर नंबर टाकून हात काळे होतात, ते घासून धुतल्याशिवाय मी त्याला शिवत नाही. छातीशी धरून वाजवलं की त्याच्या पोटातली थरथर आपल्या पोटात येते.

लच्छूचे प्रश्न असे. बाजा चुलीजवळ टांगता का? धानाच्या कोठीत ठेवला होता का? गळक्या छपराखाली भिजला का? वरची पातळ फळी, म्हणजे त्याची तबली, कशी दिसते ते नीट बघून लिहा. सारा आवाज तिथून निघतो, असं तो म्हणतो.

कमळाबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचं कार्ड पोचलं तेव्हा नद्या भरून मोटार बंद होती. दसऱ्याला आलो तर तिनं मला चहा दिला आणि आत निघून गेली. सख्खा भाऊ असून मी चहा पिऊन उठलो.

तुमचा,
देवाजी


टेकाडी
४ डिसेंबर १९५६

देवाजीभाऊ,

आम्ही आता मुंबई राज्यात आलो म्हणतात. धानाला त्याचा पत्ता नाही. कापणी झाली, खळ्यावर चुरणी चालू आहे, घरातलं प्रत्येक माणूस दिवसभर तिकडेच असतं. फक्त कमळा घरी राहते. माझी आई म्हणते, "राहू दे तिले, अंगात जीव नाई पोरीच्या."

मिस्त्रीचे प्रश्न आगाऊ आहेत. मेंडोलिन आतल्या खोलीत कोरड्या भिंतीवर टांगतो. पण तुम्ही सांगितलं म्हणून उजेडात नेऊन नीट पाहिलं, आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. तबली पिवळी पडली आहे. तारा ज्या घोडीवरून जातात तिच्या भोवती तर हळदीसारखा पिवळा डाग आहे. सगळं अंग तेलकट लागतं, तारा बुळबुळीत झाल्या आहेत. नाकाशी नेलं तर ओव्याचा वास येतो आणि थोडा धुराचा. हे त्यानं लावलेलं रोगण सुटून आलं आहे, दुसरं काय? स्वस्तातलं काहीतरी फासलं असणार. त्याला म्हणावं, हा बाजा तुझ्या डोक्यात घालण्याच्या लायकीचा राहिला आहे.

रागानं मी ते राखेनं घासून काढायला घेतलं होतं. कमळा एकदम मध्ये आली. म्हणाली, "राहू द्या. नका छेडू त्याले." कितीतरी दिवसांनी ती आपणहून माझ्याशी बोलली, आणि तेही असं. माझ्या वाजवण्याला ती कंटाळली आहे, हे मला आता कळलं. तेव्हा मिस्त्रीची तक्रार मी मागं घेतो. चांगला आवाज निघाला तरी ऐकायला कोण बसलं आहे? मूलच्या बाजारात कुणी हौशी भेटला तर देऊन टाकतो.

लटारू


आलापल्ली
१० डिसेंबर १९५६

जवाईबापू,

मेंडोलिन कुणालाही देऊ नका. राखही लावू नका. हे पत्र मिळेपर्यंत दिलं असेल तर बाजारात जाऊन परत आणा.

तुमचं पत्र मी मनकर्णाला वाचून दाखवत होतो. रोगणाच्या गोष्टीवर मी हसत होतो. ती तांदूळ निवडत होती. ओव्याचा वास आला तिथं तिचे हात थांबले. म्हणाली, "पुन्हा वाचा जी." मी पुन्हा वाचलं. तर ती सूप बाजूला ठेवून रडायला लागली. म्हणाली, "तुमाले काई समजत नाई काय? तेल, हळद अन् ओव्याची धुरी. हे न्हाऊ घातलेल्या लेकराचं अंग आहे."

जवाईबापू, आपल्या दोघांनाही हे कळलं नाही. आपण तारा, घोडी आणि रोगण बघत बसलो. मनकर्णा म्हणते, देव करो आणि ती चुकीची ठरो. पण एक दिवस दुपारी खळ्यावरून न सांगता घरी जा. चुलीजवळ तेलाची वाटी कोमट असेल तर समजून घ्या. मनकर्णानं हात जोडून सांगितलं आहे की तिला रागावू नका.

देवाजी


टेकाडी
२० डिसेंबर १९५६

देवाजीभाऊ,

वहिनी चुकल्या नाहीत.

चुरणी अर्धी सोडून मी दुपारी घरी गेलो. मागच्या दारानं आत डोकावलो. कमळा भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती, बाया लेकराला न्हाऊ घालताना बसतात तशी. पायांवर मेंडोलिन होतं. शेजारी तेलाची वाटी. तिनं आधी पाठ चोळली, मग उलटं करून पोट. बोटांनी, हळू. मान चोळताना खाली दुसरा हात धरला, लेकराची मान धरतात तसा. मग निखाऱ्यावर ओवा टाकून त्याला धुरी दिली, पदरानं पुसलं आणि कानाशी लावून बराच वेळ बसून राहिली. मी आत गेलो नाही. खळ्यावर परत आलो आणि कुणाला तोंड दिसू नये म्हणून पेंढ्यांच्या मागं जाऊन रडलो. भाऊ, लेकरू गेलं तेव्हा मी रडलो नव्हतो. घरातला पुरुष म्हणून सगळं पार पाडत होतो.

पार काय पाडलं, तेही सांगतो. बारशाच्या आतलं लेकरू, त्याला जाळत नाहीत. मी, बाप आणि चुलतभाऊ नेऊन पुरून आलो. बाईमाणसानं तिथं यायचं नसतं, म्हणून तिला जागाही दाखवली नाही. परत येऊन पाळणा घराबाहेर काढला आणि ताकीद दिली. मला वाटलं मी तिला जपतो आहे.

आता माझ्या आईला कळलं तर ती बाहेरची बाधा म्हणेल, मांत्रिक आणेल. म्हणून मी गप्प आहे. रोज संध्याकाळी ते तेलकट मेंडोलिन घेऊन बसतो आणि बसक्या आवाजात वाजवतो, म्हणजे मला काही कळलं आहे असं तिला वाटू नये. आवाज येवो न येवो, मला आता त्याचं काही नाही. पण तिचं काय करू? हे असं किती दिवस चालू द्यायचं, की काढून घ्यायचं? काढून घेतलं तर दुसऱ्यांदा काढून घेतल्यासारखं होईल. तुम्ही शिकलेले आहात, तिचे भाऊ आहात. सांगा.

लटारू


आलापल्ली
२९ डिसेंबर १९५६

जवाईबापू,

शिकल्याचा इथं काही उपयोग नाही. मी दोन रात्री विचार करून शेवटी लच्छूकडे गेलो, कारण बाजा त्याचा आहे. सगळं सांगितलं. मला वाटलं, तेल लावलं म्हणून तो थयथयाट करेल. त्यानं बिडी विझवली. मग तबलीचंच बोलला. तेल लाकडात मुरलं आहे, ते निघायचं नाही, जुनी तबली उतरवून नवी बसवावी लागेल. पाठ, मान, खुंट्या तशाच राहतील. त्याच शिवणीची एक फळी त्यानं जपून ठेवली आहे. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाला, तिसरं स्वतःसाठी करणार होता. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढं म्हणाला, "पर माय स्वतः आणून देईल तरच हात लावीन. मांडीवरचं ओढून घेतलेलं मले नाई पाहिजे."

मनकर्णाचं आणि माझं असं ठरलं की संक्रांतीला मी येतो आणि कमळाला माहेरी घेऊन जातो. आईबाप नाहीत म्हणून काय झालं, भावाचं घर ते माहेरच. तिला काही विचारू नका, सांगू नका. मेंडोलिन बरोबर घे, एवढं फक्त म्हणा. इथं तिनं वाटेल तेवढे दिवस तेल लावावं. मनकर्णा वाटी कोमट करून देईल.

देवाजी


आलापल्ली
२२ जानेवारी १९५७

जवाईबापू,

आम्ही पोचल्याचं कार्ड मिळालं असेल. आता सविस्तर लिहितो.

मोटारीत कंडक्टर म्हणाला, सामान वर टाका. कमळानं मेंडोलिन पदराखाली घेतलं आणि त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं पुढं गेला. घरी आल्यावर मनकर्णानं खरोखरच तेल कोमट करून तिच्यासमोर ठेवलं. कमळा वाटीकडे बघत राहिली. म्हणाली, "तुले मालूम आहे?" मनकर्णा म्हणाली, "मालूम आहे बाई." त्यानंतर दोघी रोज दुपारी एकत्र बसत. काय बोलत ते मला कळलं नाही, पण बोलत होत्या.

संध्याकाळी मी माझं मेंडोलिन वाजवायचो. सुरुवातीला ती आतच राहायची. मग उंबऱ्यापर्यंत आली. एकदा म्हणाली, "भाऊ, याचा आवाज असा आहे. आमचा असाच होता." मी म्हटलं, होय, सख्खं भावंड आहे. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन लच्छूच्या छपरीत गेली आणि त्याच्या हातात बाजा दिला. मी आणि मनकर्णा मागोमाग होतो.

लच्छूनं तारा सोडल्या, घोडी काढली, गरम पात्यानं लाकूड चिकटवायचा सरस सोडवत तबली उचलली. हात हलका, कुठं चीर गेली नाही. इथवर ठीक. पण हा बाबा काम करताना जगाला विसरतो. जुनं लाकूड निघालं की शेगडीत टाकायचं, वर सरस शिजत असतो, ही त्याची जन्माची सवय. त्यानं तबली उचलली आणि शेगडीकडे हात नेला.

कमळानं झडप घालून ती हिसकावली. "जाळायचं नाई त्याले," ती म्हणाली. "लेकराले जाळत नाईत." आवाज साऱ्या डेपोत गेला. लच्छूचं तोंड उतरलं. एवढा गर्विष्ठ माणूस, पण कान धरून उभा राहिला.

मग तिनं माझ्याकडे कुदळ मागितली. मी दिली आणि बरोबर निघालो, तर मनकर्णानं मला हातानं थांबवलं. म्हणाली, "तुमी नका येऊ. आज बाईमाणूसच जाईल." तेव्हा मी आणि लच्छू छपरीत बसून राहिलो आणि त्या दोघी कुंपणापलीकडे झाडांत गेल्या. कुदळीचे घाव ऐकू येत होते. मग ते थांबले, आणि कमळाच्या रडण्याचा आवाज आला. मोठ्यानं, गळा काढून. मी उठलो तर लच्छूनं माझं मनगट धरलं आणि खाली बसवलं.

परत आल्या तेव्हा दोघींचे हात मातीनं भरलेले होते. कमळानं विहिरीवर आंघोळ केली आणि जेवायला मागितलं. भात आणि वांग्याची भाजी होती. दोनदा घेतला. मग झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठली.

नवी तबली बसली आहे. सरस वाळतो आहे. कमळा स्वतः तुम्हाला लिहिणार म्हणते.

देवाजी


आलापल्ली
२६ जानेवारी १९५७

ती. स्व. यांस, कमळाचा नमस्कार.

मी चौथीपर्यंतच शिकले, चुकलं तर सांभाळून घ्या. भावानं तुम्हाला सगळं कळवलं आहे. तुम्ही दुपारी येऊन मला पाहून गेलात, हेही वहिनीनं मला सांगितलं. तुम्ही आत आला नाहीत, ते बरं केलं.

मला वेड लागलं नव्हतं. ते लाकूड आहे हे मला रोज माहीत होतं. पण हातांना सवय लागली होती आणि दुपार झाली की ते थांबत नव्हते. घरात त्याचं एक दुपटंही ठेवलं नव्हतं. खुंटीवरून हे काढलं तर पायांवर नीट बसलं. तुमच्या बाज्याचा आवाज बिघडतो हे कळत होतं, तुम्ही मिस्त्रीला शिव्या देत होता तेव्हा लाज वाटत होती, तरी सोडवत नव्हतं. तुम्ही विषय काढू दिला नाही. माझ्या भल्यासाठीच करता हे दिसत होतं, म्हणून तुमच्यावर रागावता येईना, आणि रागावता येईना म्हणून बोलताही येईना.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, वहिनीलाही नाही. तो बुधवारी झाला. बारसं व्हायचं होतं, आत्यानं वेगळं नाव ठेवलं असतं, पण मी त्याच्या कानात बुधू म्हणत होते. तो बघायचा.

मिस्त्री म्हणतो बाजा आता तयार आहे, तारा तेवढ्या नव्या पाहिजेत. आमच्या घरीही तयारी पाहिजे. मला घरात त्याचं नाव घ्यायचं आहे. भांडी घासताना आठवण आली तर मोठ्यानं म्हणायचं आहे, आणि सासूबाईंनी गप्प बस म्हणायचं नाही. त्याची जागा मला बघायची आहे. तुम्हाला हे जमणार नसेल तर आत्ताच लिहा. मी रागावणार नाही, पण मग मला इथंच आणखी राहू द्या.

कमळा


टेकाडी
२ फेब्रुवारी १९५७

सौ. बुधूच्या मायेस,

तुझं पत्र मी आईला आणि बापाला ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. आई रडली आणि म्हणाली, त्याचं कपाळ माझ्यासारखं होतं. हे तिनंही इतके दिवस पोटात ठेवलं होतं. माझ्या ताकिदीनं तिचंही तोंड बंद होतं.

आज सकाळी मी जागेवर जाऊन आलो. गवत वाढलं होतं, ते काढलं. तू आलीस की दोघं जाऊ. गावात कुणी काही म्हणालं तर मी बघून घेईन.

चांद्याहून नव्या तारा मागवल्या होत्या, त्या आल्या. मंगळवारच्या मोटारीनं घेऊन येतो. भाऊंना सांग, त्यांचं मेंडोलिनही सुरात लावून ठेवा, आणि मिस्त्रीला रामराम सांग.

तुझा,
बुधूचा बाप